फलकावरचे रिजेक्शन उतरले, परतीचा माल मात्र तेवढाच

आपला प्रश्न मी समजलो तो असा. बेळगावच्या उद्यमबागेत वडिलांनी उभी केलेली फाउंड्री, म्हणजे धातू ओतून भाग तयार करण्याचा कारखाना, आता आपण पाहता आणि कायम व कंत्राटी मिळून सव्वाशेच्या आसपास माणसे तेथे काम करतात. गेल्या वर्षभरात आपण अंगठ्याची हजेरी बसवली, बाहेरून सल्लागार आणून 5एस (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची जपानी पद्धत) सुरू केले, मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे करण्याच्या, शेडमध्ये रोजच्या रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा, फलक लावला आणि पाळी सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटांची बैठक घेऊ लागलात. त्या बैठकीत आपल्याशिवाय कोणी बोलत नाही. फलकावरचे रिजेक्शन उतरले आहे, परंतु ग्राहकाकडून परत येणारा माल उतरलेला नाही. डिप्लोमा झालेली दोन मुले काम सोडून गेली. सर्वांत जुने सुपरवायझर प्रत्येक गोष्टीला ‘होय’ म्हणतात आणि पूर्वीसारखेच करतात. यावरून आपण दोन गोष्टी विचारता: आपल्या भागातल्या माणसांना मुळात बदलच नको असतो का, आणि त्या सुपरवायझरना बाजूला केल्याशिवाय कामाच्या ठिकाणची संस्कृती बदलेल का.

आपण ओझरते लिहिलेले एक वाक्य मला या सगळ्यात सर्वांत मोलाचे वाटले. फलकावरचा आकडा उतरला आणि परतीचा उतरला नाही, याचा अर्थ खराब कास्टिंग (साच्यात ओतून केलेला भाग) पूर्वीइतकेच तयार होत आहे, फक्त ते फलकापर्यंत पोहोचत नाही. कोठेतरी कोणीतरी ते चांगल्या ढिगात सरकवत आहे, आणि ते एकट्याचे काम नाही, कारण मोल्डिंगपासून डिस्पॅचपर्यंत चार-पाच हातांतून गेल्याशिवाय माल दाराबाहेर पडत नाही. इतकी माणसे न ठरवता एकाच पद्धतीने वागतात, तेव्हा त्यांना तसे वागणे शहाणपणाचे वाटावे अशी काहीतरी व्यवस्था असते. म्हणून आपला खरा प्रश्न बदलाला होणाऱ्या विरोधाचा आहे असे मला वाटत नाही. वाईट बातमी सांगणाऱ्याला आपल्या कारखान्यात काय मोजावे लागते, हा तो प्रश्न आहे. हजेरी, फलक, बैठक आणि 5एस ही चारही साधने माणसे खरे सांगतील असे गृहीत धरतात, आणि तेच तर अजून झालेले नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. आपल्याकडे युनियन आहे का, मोल्डर पगारावर आहेत की उक्त्यावर (नगामागे दराने), कंत्राटी माणसे किती, आणि शेवटचा शब्द अजून वडिलांचाच चालतो का, हे आपण लिहिलेले नाही. या चारांपैकी प्रत्येकाने पुढच्या उत्तरात थोडाफार फरक पडेल. माझा अनुभव मच्छे, होनगा, उद्यमबाग आणि पलीकडे कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव येथल्या फाउंड्री व मशीन शॉपमधला आहे. एखाद्या पतसंस्थेला किंवा साखर कारखान्याला हे जसेच्या तसे लागू करू नये.

प्रथम हे पाहू की फाउंड्रीत लपवणे इतके सोपे का असते. वाळूत ओल जास्त झाली की वाफ अडकून ब्लो होल, म्हणजे पोकळी, येतो, वितळलेला धातू लॅडलमध्ये (ओतण्याच्या भांड्यात) रेंगाळून थंडावला की दोन प्रवाह एकजीव न होता कोल्ड शट, म्हणजे कच्चा सांधा, राहतो, कोअर (पोकळ जागेसाठी साच्यात बसवलेला वाळूचा गाभा) किंचित सरकला की भिंत एका बाजूला पातळ होते. यांतले बरेचसे वरून दिसत नाही. ते दिसते ग्राहकाच्या मशीनवर पहिला कट घेतल्यावर, आणि तोपर्यंत कित्येक दिवस उलटलेले असतात. ती पेटी, म्हणजे तो वाळूचा साचा, कोणत्या पाळीची, वाळू कोणी मिसळली, क्रेनची वाट पाहत लॅडल किती वेळ टांगून राहिला, हे तेव्हा कोणालाच सिद्ध करता येत नाही. सिद्ध करता येत नाही म्हणून दोष उतारावरच्या पाण्यासारखा खाली वाहत जातो आणि सर्वांत दुबळ्या माणसापाशी येऊन थांबतो: बहुधा कंत्राटी हेल्पर किंवा त्या दिवशी नेमका गैरहजर असलेला मोल्डर. हे एक-दोनदा पाहिलेला माणूस संशयास्पद कास्टिंग हातात आल्यावर काय करील? ते पुढे जाऊ देईल. नापास व्हायचे असेल तर ते दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या नावावर नापास होईल, असा त्याचा हिशोब असतो, आणि तो हिशोब चुकीचा नसतो.

त्यात मोल्डर उक्त्यावर असतील तर आणखी एक गाठ बसते. पेट्यांच्या संख्येवर पैसे मिळत असताना वाळू ओली आहे म्हणून हात थांबवणे म्हणजे स्वतःच्या खिशातून दंड भरणे होय. ज्याला थांबल्यावर तोटा होतो त्याच्याकडून ‘गुणवत्ता हेच माझे कर्तव्य’ अशी पाटी वाचून थांबण्याची अपेक्षा करणे मला नेहमीच थोडे निर्लज्जपणाचे वाटत आले आहे.

मी नव्या कारखान्यात गेलो की धोरणाचे कागद फारसे पाहत नाही. इथे शेवटची वाईट बातमी कोणी सांगितली आणि त्यानंतर त्याचे काय झाले, एवढेच चार वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे विचारतो. एका फाउंड्रीत मला मिळालेले उत्तर असे होते: एका हेल्परने वाळू ओली असल्याचे सांगितले, त्यामुळे अर्धा तास काम अडले, आणि पुढचा आठवडाभर त्याला फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याच्या, धुळीत ग्राइंडर धरायला पाठवण्यात आले. कोणी त्याला शिक्षा केली असे म्हटले नाही, ‘तिकडे माणूस कमी होता’ एवढेच कारण दिले गेले. शेडमध्ये मात्र सर्वांना जे कळायचे ते कळले. त्याच शेडमधला एक मोल्डर मला म्हणाला, ‘‘सांगून काय करूया साहेब? सांगितलेला माणूसच सापडतो की.’’ एडगर शाईन या अमेरिकन अभ्यासकाने संस्थांच्या संस्कृतीवर आयुष्यभर काम केले. वरची माणसे कशाकडे लक्ष देतात आणि अडचणीच्या क्षणी कशी वागतात, यातूनच बाकीचे लोक तिथली रीत शिकतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या शेडमध्ये ती शिकवणी रोज चालू आहे, आपण वर्ग घ्या अथवा घेऊ नका.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. आपल्या भागातल्या माणसांना बदल नको असतो, हे मला मान्य नाही. बेळगावच्या फाउंड्र्यांत क्युपोला या कोकच्या भट्टीच्या जागी विजेची इंडक्शन फर्नेस आली तेव्हा जुनी भट्टी लावणाऱ्या हातांनीच ती शिकून घेतली. हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग तयार होतात, आणि तिथे मापाच्या बाबतीत जी शिस्त लागते ती आजूबाजूच्या गावांतली शेतकऱ्यांची मुले पाळतात. माणसे तीच असतात. व्यवस्था बदलली की वागणे बदलते, याचे माझ्या माहितीतले सर्वांत स्पष्ट उदाहरण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचे आहे. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणे आणि खराब मालासाठी कुप्रसिद्ध होता आणि 1982 मध्ये तो बंद पडला. 1984 मध्ये टोयोटाशी भागीदारी करून तो पुन्हा सुरू झाला, बहुतांश जुनेच कामगार आणि तीच युनियन घेऊन, आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची गुणवत्ता जनरल मोटर्सच्या उत्तम कारखान्यांच्या तोडीची झाली.

या उदाहरणातून लोक बहुधा ती प्रसिद्ध दोरी उचलतात, म्हणजे अडचण दिसताच कोणत्याही कामगाराने ओढावी अशी दोरी. दोरी बाजारात मिळते. तिथे महत्त्वाचे होते ते दोरी ओढल्यानंतरचे पहिले मिनिट. गटप्रमुख धावत येई तो ‘काय अडले?’ असे विचारत, मदतीला. आपल्याकडे तोच प्रसंग ‘कोणी केले?’ या प्रश्नाने सुरू होतो. आपण आणि वडील दोघांनीही पुढचे तीन महिने शेडमध्ये हा दुसरा प्रश्न तोंडातून काढायचा नाही, एवढे ठरवून पाहावे. हे वाचायला सोपे वाटते, पण परत आलेल्या मालाची गाडी दारात उभी असताना ते फार कठीण जाते, म्हणून घरी बसून आधीच ठरवावे. वडिलांनी ज्या काळात कारखाना उभा केला त्या काळात आवाज चढवूनच काम होत असे, आणि त्यांच्या आवाजामागे माणसांच्या लग्नाकार्याला, आजारपणाला उभे राहणेही होते. कामगारांनी तो आवाज त्या उपकारांसह स्वीकारलेला असतो. आपण बैठकीत शांतपणे बोलायचे आणि अकरा वाजता वडिलांनी त्याच माणसाला सर्वांसमोर झापायचे, असे एकदा जरी झाले तरी आपल्या बोलण्याला किंमत राहत नाही.

आता सुपरवायझर. आपल्या प्रश्नाचा हाच भाग सर्वांत नाजूक आहे, म्हणून येथे थोडा अधिक थांबतो.

आपण वर्षभरात केलेल्या प्रत्येक बदलाने त्यांच्या हातून काय गेले, याची यादी करून पाहावी. पूर्वी हजेरी त्यांच्या वहीत असे. कोणाचा खाडा मांडायचा, कोणाला अर्ध्या तासाची सूट द्यायची, सुगीला कोणाला चार दिवस सोडायचे, कोणाच्या उचलीसाठी शब्द टाकायचा, हे सगळे त्या वहीतून चालत असे, आणि तीच त्यांची पत होती. अंगठ्याच्या यंत्राने ती वही काढून घेतली. फलकाने त्यांच्या विभागाचे रिजेक्शन येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर टांगले. सकाळच्या बैठकीत आपण त्यांना ओलांडून थेट माणसांशी बोलू लागलात. तीन बदल झाले, तिन्हींनी त्यांच्याकडून काहीतरी घेतले आणि बदल्यात काहीच दिले नाही. ज्याने आपल्याला लहानपणी या शेडमध्ये खेळताना पाहिले आहे तो माणूस मालकाच्या मुलाला तोंडावर ‘नाही’ म्हणणार नाही. आपल्याकडची ती रीत नाही. त्यांचा ‘होय’ हा आपल्याला दिलेला मान आहे, संमती मानून तो जमेस धरू नये.

त्यांना काढून टाकल्याने काय होईल याचाही विचार करावा. वाळू मुठीत दाबून, मोडून पाहून तिच्यातली ओल सांगणारे हात त्यांचे आहेत. कोणता पॅटर्न (साचा उठवण्याचा नमुना) कोणत्या कोपऱ्यात नेहमी दगा देतो हे त्यांना ठाऊक आहे आणि ते कोठेही लिहिलेले नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्यांच्या जाण्याकडे बाकीची माणसे बोलणाऱ्याला मिळालेली शिक्षा म्हणूनच पाहतील, ते बोलले नव्हते तरीही.

माझी सूचना अशी आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी, कारखान्याच्या कार्यालयात न बोलावता, शक्य तर त्यांच्या घरी जाऊन त्यांना भेटावे आणि सरळ विचारावे की या बदलांमुळे आपली काय अडचण झाली. पहिल्या भेटीत फारसे काही मिळणार नाही, चहा मात्र मिळेल. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत ते बोलतील. त्यानंतर दोन अधिकार त्यांच्या हाती स्पष्टपणे आणि सर्वांना कळेल अशा रीतीने द्यावेत. एक म्हणजे रजेचा: यंत्र तास मोजील, पण कोणाला कधी सोडायचे हा निर्णय त्यांचा. दुसरा ओतकाम थांबवण्याचा. वाळू किंवा धातूचे तापमान ठीक नसेल तर त्यांनी ओतणे थांबवावे आणि त्याचे कारण कोणीही, वडिलांनीही, त्या दिवशी विचारू नये. दुसऱ्या दिवशी बसून विचारावे. हा दुसरा अधिकार प्रत्यक्षात वापरला गेला आणि आपण शब्द पाळलात, हे शेडने एकदा पाहिले की बैठकीतल्या भाषणांची गरज बरीच कमी होते.

अर्थात सुपरवायझर हटवावा लागतो अशीही परिस्थिती असते. स्पष्ट समज दिल्यानंतरही जो सांगणाऱ्याला त्रास देतो, किंवा जो कंत्राटी माणसांच्या पगारातून कट खातो, त्याला ठेवून कोणताही बदल होणार नाही आणि तिथे दयामाया दाखवू नये. आपण वर्णन केलेले गृहस्थ या प्रकारातले वाटत नाहीत.

गेलेली दोन मुले काय काम करत होती हे आपण लिहिले नाही, पण मला वाटते की आकडे गोळा करून फलकावर लिहिण्याचे काम त्यांच्याकडे असावे. तसे असेल तर शेडच्या दृष्टीने ती मुले मालकाचे कान होती. अशा जागी कोणीही टिकत नाही. पुढच्या मुलाला त्या सुपरवायझरांच्या हाताखाली द्यावे आणि वाळूच्या चाचणीचे काम सोपवावे. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे मोल्डिंगच्या ओलसर वाळूत, साधारण तीन ते चार टक्के ओल हवी असते. मुलाने यंत्रावर आकडा काढावा, सुपरवायझरांनी मुठीत दाबून अंदाज सांगावा, आणि दोन्ही एकाच वहीत शेजारी शेजारी लिहावेत. काही दिवसांत मुलाला हात कळू लागतो आणि जुन्या माणसाला आकड्याची भीती राहत नाही. मी हे जिथे जिथे करवले तिथे दोघांचे जमले असे नाही, पण जिथे जमले तिथे दुसऱ्या कशाहीपेक्षा ते अधिक टिकले.

बैठकीच्या बाबतीत माझे मत थोडे कठोर आहे. पाळी सुरू होण्यापूर्वी उभे राहून मालकाचे ऐकणे ही बैठक नव्हे, ती प्रार्थना झाली. ती बंद करावी. त्याऐवजी फेटलिंगच्या बाजूला एक टेबल ठेवावे, आदल्या दिवशीची खराब कास्टिंग त्यावर मांडावीत, दोष असलेल्या जागी खडूने गोल करावा आणि त्या लाइनवरच्या माणसांनी, म्हणजे वाळूवाला, मोल्डर, कोअरवाला, भट्टीवाला आणि फेटलर यांनी, सुपरवायझरांसह ते पाहावे. वस्तू हातात असली की न बोलणारा माणूसही बोटाने दाखवतो, आणि तिथून बोलणे सुरू होते. आपण तिथे जावे, पण मागे उभे राहावे.

या पाच जणांना एकत्र उभे करण्यामागे केवळ माझी आवड नाही. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग आणले गेले तेव्हा अपेक्षेप्रमाणे उत्पादन वाढले नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक या संशोधन संस्थेचे ए. के. राइस यांनी 1953 मध्ये तिथे काम केले. त्यांना असे दिसले की धागा जोडणारा, तेल घालणारा, बॉबिन भरणारा असे प्रत्येक कामाचे वेगळे माणूस वेगवेगळ्या संख्येच्या मागांवर फिरत होते, त्यामुळे कोणत्याही एका मागाच्या चांगल्यावाईटाची जबाबदारी कोणत्याच गटाची नव्हती. त्यांनी ठरावीक मागांचा संच एका छोट्या गटाकडे देण्याची कल्पना मांडली, आणि पुढची आखणी कामगार व सुपरवायझरांनी स्वतःच उत्साहाने केली. उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. आपल्या फाउंड्रीत वाळू, कोअर, वितळण आणि फेटलिंग हे चार शेजारी आहेत आणि प्रत्येकाचे बोट दुसऱ्याकडे आहे. एका लाइनपुरते तरी त्यांना एका पॅटर्नचे सामाईक धनी करून पाहावे.

भाषेचा मुद्दा आपण काढला नाही, पण आपल्या जिल्ह्यात तो टाळून चालत नाही. मोल्डिंगला खानापूर आणि बेळगाव तालुक्यातली मराठी माणसे, फेटलिंगला बैलहोंगल, सौंदत्तीकडची कन्नड माणसे आणि भट्टीवर ओडिशा, बिहारची मुले, अशी वाटणी मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. सल्लागाराचे सादरीकरण इंग्रजीत होते, आपली बैठक मराठीत होते आणि मग अर्धे लोक गप्प का, असा प्रश्न पडतो. 1948 च्या कारखाने कायद्यातही सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याचे बंधन घातलेले होते. त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन कन्नड, मराठी आणि हिंदी या तिन्हींत सारख्याच आकाराच्या अक्षरांत सूचना लावाव्यात आणि टेबलापाशी तिन्ही भाषा येणारा एक माणूस हटकून असावा. फाटकाबाहेर पाट्यांच्या भाषेवरून काय चालते ते आपण सर्वजण कित्येक वर्षे पाहत आलो आहोत. फाटकाच्या आत मात्र, ओल राहिलेल्या लॅडलमध्ये वितळलेल्या धातूचा रस पडला की वाफेने तो उसळतो, आणि उसळलेला रस कोणाची मातृभाषा विचारत नाही. भट्टीवरच्या ओडिया मुलाला ‘लॅडल ओला आहे’ हे ज्या भाषेत कळते ती त्या क्षणाची कामकाजाची भाषा, एवढ्याच पातळीवर हा विषय ठेवावा. तो निष्ठेचा विषय होऊ देणारे सुपरवायझर आणि मालक दोघेही मी पाहिले आहेत, आणि तिथे गट पडले ते पुन्हा जुळले नाहीत.

5एसबद्दल फार सांगण्यासारखे नाही. खंडेनवमीला आपल्याच कारखान्यात काय होते ते आठवावे: प्रत्येक मशीन पुसून लखलखीत होते, हत्यारे ओळीने मांडली जातात, कोणीही शिकवायला येत नाही. म्हणजे माणसांना हे येते. उरलेले वर्षभर त्यासाठी पगारी वेळ दिलेला नसतो आणि कोणते मशीन कोणाचे हे ठरलेले नसते. पाळीतली शेवटची पंधरा मिनिटे त्यासाठी राखून ठेवावीत आणि त्या वेळात उत्पादन मागू नये. तेवढे जमणार नसेल तर रंगीत पट्टे मारण्याचा खर्चही करू नये.

उक्त्याच्या दराला लगेच हात लावू नये, कारण पैशाचा बदल आला की माणसे बाकी सर्व बदल त्याच संशयाने पाहू लागतात. आरंभी एवढेच जाहीर करावे की वाळू किंवा धातूच्या कारणाने सुपरवायझरांनी काम थांबवले तर त्या वेळेचे मोल्डरला सरासरीप्रमाणे पैसे मिळतील. पुढे दर, पाळ्या किंवा कामाचे तास बदलायचे झाल्यास कायद्याची बाजू पाहावी लागेल. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशा बदलांपूर्वी 21 दिवसांची नोटीस सांगितली होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ती तरतूद कायम आहे. 20 किंवा त्याहून अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समितीही हवी. ती कागदावर असेल, तर तिच्यात कामगारांच्या बाजूने कोण बसतो हे एकदा पाहावे. मालकाचाच माणूस दोन्ही बाजूंनी बसलेला मी पाहिला आहे. या बाबतीत कामगार कायद्याच्या वकिलांचा सल्ला माझ्या सल्ल्याहून वरचा समजावा.

आरंभ केव्हा करावा हेही महत्त्वाचे आहे. जून-जुलैत रोप लावणीसाठी माणसे गावी जातात, मग गणपती, दसरा आणि दिवाळीच्या आगेमागे भाताची सुगी, आणि एखाद्या गावात कित्येक वर्षांनी येणारी महालक्ष्मीची यात्रा असेल तर त्या गावची माणसे त्या काळात आपली नसतातच. या दिवसांत आणलेली नवी पद्धत अर्ध्या माणसांना ठाऊकच होत नाही आणि उरलेल्यांवर दुप्पट कामाचे ओझे म्हणून येते. संक्रांत झाली की एका लाइनवर सुरू करावे. मार्चअखेरीस ग्राहकांची घाई असते, तिथेच या पद्धतीची खरी कसोटी लागेल. घाईतही ओतकाम थांबवण्याचा अधिकार शाबूत राहिला, तर पाडव्यानंतर दुसरी लाइन घ्यावी.

शेवटी फलकाविषयी. हे सर्व नीट झाले तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत फलकावरचे रिजेक्शन वाढेल. ते वाढलेच पाहिजे. संस्थांच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा ज्या विभागांतले वातावरण आणि नेतृत्व चांगले होते तिथेच नोंदवलेल्या चुका अधिक आढळल्या. तिथली माणसे अधिक चुका करत होती असे नव्हते, ती झालेली चूक सांगत होती. म्हणून फलकाचा आकडा एकटा कधीही वाचू नये. एकाच वहीत दोन रकाने ठेवावेत: आपल्या शेडमध्ये पकडलेले खराब कास्टिंग आणि ग्राहकाने परत पाठवलेले. पहिला रकाना चढत जाऊन दुसरा उतरू लागला तर आपण योग्य मार्गावर आहात. पहिला चढणार आहे हे वडिलांना, आणि शक्य असल्यास मोठ्या ग्राहकाच्या गुणवत्ता विभागालाही, आधीच सांगून ठेवावे, म्हणजे पहिल्या महिन्याच्या आकड्याने कोणी घाबरणार नाही.

आणि पहिला रकाना चढूनही चार-सहा महिन्यांत दुसरा हललाच नाही, तर माणसांचा विषय तेवढ्यापुरता बाजूला ठेवावा. मग दोष गेटिंगच्या (साच्यात धातू नेणाऱ्या वाटांच्या) रचनेत, कोअरच्या बाइंडरमध्ये (वाळू घट्ट धरणाऱ्या द्रव्यात) किंवा वाळूतच असण्याची शक्यता अधिक, आणि तिथे माझ्यासारख्याचा उपयोग नाही, धातुशास्त्र जाणणारा माणूस बोलवावा लागेल. त्याची फी तेव्हा सार्थकी लागेल, कारण कोणत्या पॅटर्नमध्ये, कोणत्या पाळीत, वाळूत किती ओल असताना काय बिघडले याची खरी नोंद त्याच्यापुढे ठेवायला आपल्याकडे असेल.